फोटोच्या पाठीवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा विषयही त्यांनीच हाती दिला. "आपल्या सहलींचे जुने फोटो कपाटात पडून आहेत. ते चाळा आणि त्यांवर चार शब्द बोला," असे त्या म्हणाल्या. त्याप्रमाणे मी मंडळाचे अल्बम घरी नेले आणि पंधरा दिवस रोज दुपारी ते घेऊन बसले. आज मी बोलणार आहे ते त्या फोटोंविषयी थोडे, आणि त्यांच्या मागे जे घडले त्याविषयी अधिक. फोटोत काय दिसते हे सांगायला भाषणाची गरज नाही. जे दिसत नाही तेच सांगावे लागते.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या पहिल्या अल्बमातील सर्व फोटो भर उन्हातले आहेत. बायका ओळीने उभ्या आहेत, डोळे मिचकावलेले आहेत, कोणी पदर कपाळावर ओढला आहे, कोणी हाताचा आडोसा केला आहे. आजच्या मुली हसतात आणि विचारतात, "तेव्हा तुम्ही सगळ्या इतक्या रागावलेल्या का होता?" रागावलेले कोणी नव्हते. घरोघरी असलेल्या त्या पेटीवजा कॅमेऱ्याला, पुढे आगफा क्लिक थ्री आला त्यालासुद्धा, ऊन भरपूर लागे. ऊन आणि ढग, एवढाच फरक त्याला कळे. म्हणून फोटो काढणाऱ्याने सूर्याकडे पाठ करायची आणि काढून घेणाऱ्यांनी सूर्याकडे तोंड करायचे, असा नियमच होता. मग डोळे मिटणार नाहीत तर काय होईल!

त्यात एका रोलवर फोटो अवघे बारा. बारा फोटोंत दोन दिवसांची सहल बसवायची. एक गाडीपाशी, एक देवळापाशी, एक गडाच्या दारात, एक सर्वांचा मिळून. उरलेले जपून वापरायचे, कारण रोल धुण्याला पैसे पडत. याचा परिणाम असा झाला की, सहलीत आपल्याला जे सर्वांत गोड वाटले त्याचा फोटोच नाही. पहाटे चार वाजता कंदिलाच्या उजेडात दशम्या भाजल्या त्याचा फोटो नाही. रात्री धर्मशाळेच्या ओसरीवर फुगड्या घातल्या आणि सासवा-सुना एकमेकींच्या हातात हात देऊन गरगर फिरल्या त्याचा नाही. वेरूळच्या लेण्यांत आतल्या अंधारात एक बाई मूर्तीसमोर डोळे मिटून अर्धा तास बसून राहिली त्याचाही नाही. कॅमेऱ्याला जेवढे ऊन लागत होते तेवढेच आपल्या अल्बमात उरले. बाकीचे आपल्या स्मरणात आहे, आणि स्मरण हे त्या अल्बमाहून लवकर झिजणारे आहे.

ही अडचण फक्त आपलीच आहे असे नाही. कॅमेरे बनविणाऱ्यांनाही ती ठाऊक होती. कोडॅक कंपनीने १९१४ साली एक गमतीचा कॅमेरा काढला. त्याच्या पाठीला एक छोटीशी झडप असे आणि सोबत धातूची बारीक लेखणी. फोटो काढला की झडप उघडायची, आतल्या कागदावर चार शब्द लिहायचे आणि झडप काही क्षण उजेडाकडे धरायची. फिल्म धुतल्यावर ते अक्षर फोटोच्या कडेला उमटे. कोण, कुठे, केव्हा, हे तिथल्या तिथे नोंदले जाई. १९३२ च्या सुमारास ही सोय बंद झाली. मला हा कॅमेरा फार शहाणा वाटतो. फोटो काढणे हे अर्धे काम आहे आणि दोन शब्द लिहिणे हे उरलेले अर्धे, हे त्याने ओळखले होते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्य मिळवावे म्हणून उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, लुटालूट पाहिली, काशीयात्रा केली आणि आईबापांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. त्यांच्याजवळ कसला कॅमेरा! परंतु त्यांनी पुढे सारे लिहून काढले, आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केले. आज एकही चित्र नसताना तो प्रवास आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणजे फोटोवाचून गोष्ट जगू शकते. गोष्टीवाचून फोटो मात्र फार दिवस जगत नाही. दोन पिढ्यांनी तो कोणा अनोळखी माणसांचा कागद होतो आणि रद्दीत जातो.

आपण अजिंठ्याला गेलो होतो त्याचे फोटो दुसऱ्या अल्बमात आहेत. वाघूर नदीच्या वळणावर, घोड्याच्या नालासारख्या त्या डोंगरापुढे आपण सर्व जणी उभ्या आहोत. तिथल्या वाटाड्याने आपल्याला बुद्धाच्या जातककथा सांगितल्या. दुसरी एक गोष्ट त्याने सांगितली नाही, ती मी नंतर वाचली. मद्रासच्या सैन्यातला रॉबर्ट गिल नावाचा एक अधिकारी १८४४ साली त्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला आणि जवळजवळ सारे आयुष्य त्याने त्या परिसरात घालविले. त्याने काढलेली मोठमोठी तैलचित्रे इंग्लंडात क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. तेथे १८६६ साली आग लागली आणि बहुतेक सर्व चित्रे जळाली. गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला होता. त्याने काढलेल्या लेण्यांच्या फोटोंचे पुस्तक १८६४ साली विलायतेत निघाले. वर्षानुवर्षे रंगविलेले गेले आणि फोटो राहिले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या रानात गिलला एका स्थानिक स्त्रीची सोबत होती. तिचे नाव पारो. ती १८५६ साली वारली. अजिंठा गावात तिची समाधी आहे आणि तिच्यावर तिचे नाव इंग्रजीत कोरलेले आहे. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर दीर्घ काव्य लिहिले आणि पुढे त्यावर चित्रपटही निघाला. लेण्यांच्या त्या फोटोंत पारो शोधून सापडायची नाही. ती आपल्यापर्यंत आली ती कोणीतरी दगडावर तिचे नाव कोरून ठेवले म्हणून. भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकीचे नाव दगडावर कोरले जावे असे मी म्हणत नाही. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले जावे एवढेच म्हणते.

नावाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती बायकांच्या सहलीशीच निगडित आहे. होमाई व्यारावाला हे नाव आपल्यापैकी काही जणींनी ऐकले असेल. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारी आपल्या देशातली पहिली स्त्री म्हणून त्यांची ख्याती आहे. १९१३ साली नवसारीला त्यांचा जन्म झाला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या. त्यांचे अगदी पहिले छापून आलेले फोटो कशाचे होते? राजेरजवाड्यांचे नव्हेत, पुढाऱ्यांचे नव्हेत. ते होते बायकांच्या एका सहलीचे! 'बॉम्बे क्रॉनिकल'ने ते छापले आणि दर फोटोमागे एक रुपया दिला. पुढे त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले केवढाले प्रसंग टिपले. परंतु आरंभीच्या दिवसांत त्यांचे फोटो त्यांच्या यजमानांच्या नावावर प्रसिद्ध होत असत, कारण नवख्या बाईच्या नावाला बाजारात किंमत नव्हती. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले तेव्हा त्यांचे वय सत्त्याण्णव वर्षांचे होते. फोटो डोळ्यांपुढे असूनही तो कोणी काढला हे लोकांना ठाऊक नसते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते असणार?

आपल्या अल्बमातही तेच आहे. चिकटविलेल्या फोटोंखाली "सौ. देशमुखांच्या शेजारी सौ. कुलकर्णी" अशा तऱ्हेने चार-दोन ठिकाणी लिहिले आहे. आपल्या मंडळात त्या वेळी कुलकर्णी बाई एक नव्हत्या, पाच होत्या! त्यांपैकी ही कोणती? तिचे स्वतःचे नाव काय? आणि कॅमेऱ्यामागे कोण उभे होते, हे तर एकाही फोटोखाली नाही.

आता मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलेल्या एका फोटोकडे वळते. तो प्रतापगडचा आहे. एस.टी.ची गाडी ठरवून मंडळ गेले होते. मागे शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसतो आहे. पुढे तीन ओळींत बायका आहेत, खालच्या ओळीतल्या मांडी घालून बसलेल्या. मधल्या ओळीत बरोबर मध्यभागी एका माणसाची जागा रिकामी आहे. दोन्हीकडच्या बायका जरा सरकल्या असत्या तर ओळ सलग झाली असती. मी तो फोटो तीन-चार वेळा पाहिला आणि मला वाटले, फोटो काढणाऱ्याला उभे करता येत नव्हते, दुसरे काय! तरीही मनाचे समाधान होईना. म्हणून मी फोटो घेऊन आपल्या सर्वांत वयोवृद्ध सभासद बाईंकडे गेले. त्यांना आता नीट दिसत नाही. मी रिकाम्या जागेचे वर्णन केले मात्र, त्या लगेच म्हणाल्या, "अगं, ती जागा मोकळी नाही. ती राखलेली आहे."

त्यांनी सांगितले ते असे. मंडळात एक तरुण विधवा बाई येत असत. शिवणकामाच्या वर्गात त्यांचा हात सर्वांत चांगला. सहलीला त्या आल्या, गड चढल्या, भवानीचे दर्शन घेतले, पिठले-भाकरीला सर्वांबरोबर बसल्या. फोटोची वेळ झाली तेव्हा मात्र त्या बाजूला सरल्या. "सवाष्णींच्या फोटोत मी कशाला?" असे म्हणून सर्वांच्या पिशव्या सांभाळीत त्या फोटो काढणाऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. खूप आग्रह झाला, पण त्या ऐकेनात. तेव्हा आपल्या त्या वेळच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "ठीक आहे. त्यांची जागा तशीच राहू द्या. कोणी सरकू नका." आणि फोटो तसाच निघाला. मंडळाचा पुढच्या वर्षीचा फोटो अल्बमात लगेच पुढल्या पानावर आहे. त्यात मधल्या ओळीच्या मध्यभागी पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई उभ्या आहेत. मान जरा खाली आहे, पण त्या उभ्या आहेत.

भगिनींनो, हे दोन फोटो मी आजवर कितीदा तरी उलटले असतील. ठराव, वर्गणी, हळदीकुंकू यांची टिपणे आपल्या इतिवृत्तात आहेत. मंडळाने या एका दिवशी जे केले त्याचा त्यात एक शब्दही नाही. ही हकीकत जाणणारी आज एकच व्यक्ती हयात आहे, आणि तीही नव्वदी ओलांडलेली. आणखी काही वर्षे मी विचारले नसते तर ती रिकामी जागा कायमची नुसती रिकामी जागाच राहिली असती. त्या बाईंचे नाव मी येथे घेत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारून मगच ते घ्यावे असे मला वाटते. फोटोच्या पाठीवर मात्र मी ते लिहून ठेवले आहे.

फोटो केव्हाचा हे कळत नाही, अशी अनेकींची तक्रार असते. त्यावर एक युक्ती आहे. माणसांकडे न पाहता माणसांच्या मागे पाहावे. प्रतापगडच्या पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते १९५७ च्या नोव्हेंबरात झाले. तेव्हा पुतळा दिसतो तो फोटो त्यानंतरचा, हे उघड आहे. मुंबईत गेटवेजवळचा शिवाजी महाराजांचा पुतळा १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी उभा राहिला, आणि ताजमहाल हॉटेलाशेजारची उंच नवी इमारत १९७३ ची. रायगडावरचा रज्जुमार्ग १९९६ चा. कन्याकुमारीचा फोटो असेल तर समुद्रातल्या खडकांकडे पाहा. विवेकानंद स्मारक १९७० साली पुरे झाले, त्यामागे एकनाथजी रानडे यांचे अपार कष्ट होते. शेजारच्या खडकावरचा तिरुवल्लुवरांचा उंच पुतळा २००० सालच्या पहिल्या दिवशी खुला झाला. स्मारक आहे पण पुतळा नाही, असा फोटो असेल तर तो या दोहोंच्या मधल्या काळातला, हे घरबसल्या कळते. याखेरीज सहलीच्या हिशेबाच्या वह्या टाकून देऊ नका. गाडीभाडे, दूध, साखर, लाकूडफाटा यांच्या नोंदींवर तारीख असते, आणि कोणी किती वर्गणी दिली यावरून कोण कोण आले होते याची यादीही मिळते.

फोटो नाहीतच, अशीही घरे आपल्या पुण्यात आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतल्या कित्येक घरांचे सर्वस्व वाहून गेले. आमच्या थोरल्या जाऊबाईंचे माहेर त्यांतले. लग्नापूर्वी वडिलांबरोबर त्या पंढरपूर, गाणगापूर, नाशिक फिरल्या होत्या. तो अल्बम चिखलात गेला. परंतु त्या आम्हांला तो अल्बम पानोपान सांगत असत. "तिसऱ्या पानावर गोदावरीचा घाट, मी पायरीवर बसले आहे, वडिलांच्या हातात छत्री आहे, आणि आदल्याच दिवशी त्यांना माझ्या लग्नाचे पत्र आले आहे." त्यांच्या मुलीने हे सारे एका वहीत लिहून घेतले. जाऊबाई गेल्या. आज त्यांच्या नातवंडांना तो कधीही न पाहिलेला अल्बम पाठ आहे.

आता आजच्या दिवसांकडे येऊ. हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाईल आहे. बारा फोटोंची मर्यादा गेली आणि एका सहलीचे चारशे फोटो येऊ लागले. अंधार, स्वयंपाक, फुगडी सर्व काही टिपता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण एक भाबडी समजूत झाली आहे की, मोबाईलच सगळे लक्षात ठेवतो. मोबाईल तारीख आणि वेळ ठेवतो, कधी ठिकाणही ठेवतो. मात्र तोच फोटो आपण गटावर धाडला की ही माहिती बहुधा वाटेत गळून पडते. आणि कोण हसते आहे, का हसते आहे, हे तर त्याला कधीच ठाऊक नसते. म्हणून सहलीहून परतल्यावर आठ दिवसांच्या आत चारशेंपैकी बाराच निवडाव्यात, त्या कागदावर काढून घ्याव्यात आणि मागे लिहावे, असे मी सुचविते. जुन्या रोलची शिस्त आपण स्वखुषीने पाळावी.

काही व्यवहाराच्या सूचनाही करते. जुन्या फोटोच्या मागे शाईने किंवा बॉलपेनने लिहू नये. शाई पसरते आणि पेनाचे टोक पुढल्या बाजूला उमटते. फोटो पालथा घालून, खाली सपाट काच किंवा पाट ठेवून, मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहावे. गुळगुळीत पाठीच्या रंगीत फोटोंवर पेन्सिल उमटत नाही, त्यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहून सोबत ठेवावी. मध्यंतरी चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचे आवरण असलेले अल्बम फार निघाले होते. त्यांतला गोंद फोटोंना मारक ठरतो, म्हणून फोटो अलगद सुटत असतील तर काढून घ्यावेत. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, काचेसकटच त्याचा दुसरा फोटो काढून ठेवावा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर फोटो लावू नयेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर पडत चालले आहेत. त्यांतला निळसर रंग आधी उडतो म्हणून असे होते. त्या मानाने आपले काळे-पांढरे फोटो अधिक टिकाऊ आहेत. तेव्हा रंगीत फोटोंच्या गोष्टी आधी लिहायला घ्याव्यात.

लिहायचे काय? कोण, कुठे, केव्हा, हे तर झालेच. त्यापुढे तीन प्रश्न विचारावेत. हा फोटो कोणी काढला? फोटोच्या आधी किंवा नंतर काय झाले? आणि कोण या फोटोत असायला हवे होते आणि नाही? तिसऱ्या प्रश्नाला कधी कधी डोळ्यांत पाणी येते, त्याला इलाज नाही. दोघींच्या आठवणी जुळल्या नाहीत तर भांडू नये. दोन्ही लिहाव्यात आणि कोणती कोणाची तेही लिहावे. आणखी एक पथ्य सांभाळावे. सर्वच गोष्टी चारचौघांत सांगण्यासारख्या नसतात. ज्या बाईची गोष्ट आहे तिला, किंवा ती नसेल तर तिच्या माणसांना, विचारल्यावाचून ती छापू नये. लिहून मात्र ठेवावी.

शेवटी कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. पुढील वर्षभर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी मंडळात फोटोंची बैठक घ्यावी. प्रत्येकीने घरचे तीनच फोटो आणावेत. एकीने सांगावे, एकीने लिहून घ्यावे. आपल्या वृद्ध सभासदांना नेण्या-आणण्याची जबाबदारी शेजारच्या मुलींनी घ्यावी, आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे आपणच जावे. प्रतापगडच्या त्या फोटोत एकंदर सव्वीस बायका आहेत. त्यांपैकी सतरा जणींची नावे मला मिळाली, नऊ जणींची अद्याप मिळालेली नाहीत. फोटो आज मी सोबत आणला आहे. चहाच्या वेळी तो बाहेरच्या टेबलावर ठेवीन. शेजारी पेन्सिल आणि कागद आहे. ओळखीचा चेहरा दिसला तर कृपा करून नाव लिहावे. तुमच्या आईचे, आत्याचे, सासूबाईंचेही असेल.